तळ्यापाशी थांबणारा आवाज

प्रानोम आजीनं लॅपटॉप आणला तो चौकड्यांच्या पंच्यात गुंडाळून, कडेवर पोर घ्यावं तसा. रोइ-एतच्या बाजारामागची गल्ली उन्हानं पांढरी पडली होती. लमाय दुकानात एकटीच होती. समोर कुणाच्या तरी यंत्राची आतडी उघडी पडलेली आणि फळीवरच्या रेडिओत कुठल्याशा विहारातल्या भिक्खूचं गाऊन सांगितलेलं प्रवचन. लमायला त्याशिवाय स्क्रू फिरवता यायचा नाही. गाणाऱ्यानं तान घेतली की हिचा हात थांबायचा, आणि तो गद्यावर आला की पुन्हा चालू.

"पोरी, डॉक्टरीण तूच का गं?"

"मी यंत्रांची, याय. माणसांची पलीकडच्या गल्लीत." तिकडं आजीला याय म्हणतात.

"मग हा तुझाच रोगी. चांगला बोलत असतो आणि मधेच निळा पडतो."

लमायनं मान डोलावली. निळा पडदा तिच्या रोजच्या ओळखीचा. त्यावर एक रडवेलं तोंड येतं, खाली दिलगिरीच्या चार ओळी आणि टक्के मोजणारा आकडा. आकडा शंभरावर गेला की यंत्र आपलं आपण पुन्हा उठतं. अशी तोंडं तिच्यासमोर रोज रडायची. तिनं नेहमीचा प्रश्न केला. "काय चालू असताना पडतो?"

"लुआंग ता खाम तळ्यापाशी आले की."

लमायनं रेडिओ बंद केला.

लुआंग ता खाम यांचा आवाज ठाऊक नाही असा माणूस त्या मुलखात नव्हता. मागच्या पावसाळ्यात त्या म्हाताऱ्या भिक्खूनं देह ठेवला. चौथ्या महिन्यात वेस्संतर राजाचं आख्यान लागतं, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तेरा अध्याय एका दिवसात ऐकायचे, मधे तुटू द्यायचे नाहीत. त्यातला लेकरांचा अध्याय लुआंग तांचा. मागेल त्याला मागेल ते द्यायचं असं राजाचं व्रत. राजा वनवासात असताना त्याच्या रानातल्या झोपडीत म्हातारा भिक्षेकरी जूजक येतो आणि राजाची दोन पोरंच दान मागतो. पोरं घाबरून कमळांच्या तळ्यात शिरतात, पानांखाली डोकी लपवतात. आई मद्दी फळं आणायला दूर गेलेली. बाप काठावर उभा राहून पोरांना हाक घालतो. लुआंग ता ती हाक अशी घालत की मांडवातल्या म्हाताऱ्या खांद्यावरचं पांढरं वस्त्र तोंडात कोंबत. लमायनं लहानपणी आजीच्या मांडीवर ती हाक ऐकली होती आणि घाबरून तिथंच झोपल्याचं सोंग घेतलं होतं.

"विहाराचं यंत्र आहे," आजी म्हणाली. "शाळेच्या मास्तरांनी त्यांचं गाणं ह्यात भरून ठेवलं. येत्या शनिवारी आमच्या नोंग खेनला आख्यान आहे. आमचे मोठे भिक्खू लुआंग फो म्हणाले, यंदा त्यांचा अध्याय ह्यातनं लावू, शेवटचा. पुढच्या वर्षापासून आमच्याकडचा तरुण भिक्खू गाईल. चांगला गातो, पण चाल त्याची स्वतःची."

"तुम्ही लुआंग तांच्या कोण?"

"बायको," आजी म्हणाली. "म्हणजे होते. त्यांनी चीवर घ्यायच्या आधी."

मग न विचारता ती सांगू लागली. सांगताना पंच्याची घडी घालत होती, मोडत होती. दुष्काळाच्या साली गावात एक व्यापारी जोडपं आलं होतं, मूलबाळ नसलेलं. घरात भाताचा दाणा नव्हता. खामनं पोरगी त्यांना देऊन टाकली. तिप तिचं नाव. आजी त्या दिवशी लाल मुंग्यांची अंडी काढायला रानात गेली होती. तिप गावच्या तळ्यात जाऊन कमळाच्या पानांखाली लपली. बापानं काठावर उभं राहून, रोज जेवायला बोलवायचा त्याच सुरात हाक मारली. पोर ती, वर आली. संध्याकाळी आजी परतली तेव्हा दारात एवढ्याशा पावलांचा चिखल तेवढा वाळत होता. त्या जोडप्यानं सांगितलेलं गाव कुणाला सापडलं नाही. वर्ष फिरायच्या आत खामनं डोकं भादरलं.

"आणि मग आयुष्यभर तोच अध्याय गात बसले. मुलूख रडायचा. मी दर वर्षी पुढंच बसायची, आणि हाक येणार असं दिसलं की उठायची. पाणी प्यायला म्हणून. एकदासुद्धा पुढचं ऐकलं नाही. जाताना त्यांनी हात धरला नाही, भिक्खू ना ते. नुसतं म्हणाले, प्रानोम, एकदा शेवटपर्यंत ऐक. मी हो म्हटलं. मरणाऱ्याला काय नाही म्हणायचं?" आजीनं लॅपटॉपवर हात ठेवला. "तर आता हा ऐकू देत नाही."

लमायनं यंत्र उलटं करून स्क्रू काढले. झाकण उघडलं आणि आत दिवा लागल्यासारखं झालं. पट्ट्यांवर, पंख्याच्या पात्यांवर, मेमरीच्या खाचेत सोन्याच्या वर्खाचे कण चमकत होते.

"याय, हे सोनं कुणी लावलं?"

"मीच की. आत आवाज आहे त्यांचा. मूर्तीला लावतो तसं."

"कीबोर्डवर?"

"मग कुठं? गुडघा दुखला तर मूर्तीच्या गुडघ्याला लावतो, डोकं दुखलं तर डोक्याला. ह्याला मधेच दुखतं, मधेच लावलं." आजी कावरीबावरी झाली. "पाप लागलं का गं?"

"पाप नाही लागलं, याय. सोन्यातनं वीज पळते. जिथं जायचं नाही तिथं गेली. म्हणून निळा पडतो." लमाय हसली. "एवढं सोनं माझ्या दुकानात पहिल्यांदाच आलं."

आजीही बोळकं पसरून हसली. दोघींच्या जिवावरचं ओझं उतरलं. लमायनं मऊ कुंचल्यानं कण गोळा केले, फेकवेनात म्हणून डबीत ठेवले. मेमरीची पट्टी खोडरबरानं घासून लख्ख केली, पुन्हा बसवली, आणि तपासणी लावून दिली. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालली. एकही दोष निघाला नाही.

आजी सकाळी चिकट भाताची टोपली घेऊन हजर. लमायनं मोठ्या दिमाखात अध्याय लावला. लुआंग तांचा आवाज उठला, जाड, उन्हात तापलेल्या मातीसारखा. जूजक आला, खोकला, त्यानं पोरं मागितली. पोरं पळाली. पाण्यात शिरली. बाप काठावर आला. त्यानं श्वास घेतला.

पडदा निळा झाला. रडवेलं तोंड आलं. खाली शून्य टक्के.

लमाय थांबली. आकडा आता चढेल, मग चढेल. शून्य जागचं हललं नाही. पंखा थांबला होता. टोपलीतल्या भाताची वाफ तेवढी वर जात होती.

"याय," तिनं हळू आवाजात विचारलं, "हा पहिल्यांदा बंद कधी पडला?"

"पहिल्यांदाच. त्यांच्या दहनानंतर मी लावला तेव्हा."

"आणि सोनं?"

"ते मग. तो रुसला म्हणून लावलं ना."

 सोनं नंतर आलं होतं. मग आधी कशानं पडत होता?

ती घाबरली नाही असं नाही, पण कारागिराचा हात रिकामा बसत नाही. ध्वनीचा प्रोग्रॅम काढून नवा घातला. निळा. हार्ड डिस्क तपासली, निरोगी. बाकीचे अध्याय लावून पाहिले, एकही अडखळला नाही. शेवटी ती फाइल तिनं स्वतःच्या यंत्रावर घेतली. ते यंत्र तिनं हातानं जुळवलेलं, आजवर कधी न पडलेलं. जूजक आला, पोरं पाण्यात शिरली, बापानं श्वास घेतला, आणि तिच्या स्वतःच्या पडद्यावर तो निळा रंग पसरला. टेबलावर दोन रडवेली तोंडं शेजारी शेजारी. दोन शून्यं.

"फाइलच खराब असेल," लमाय म्हणाली. आजीला म्हणाली की स्वतःला, देव जाणे.

आजी गेल्यावर तिनं हेडफोन चढवले. कुठं बिघडतं ते कानानंच धरायचं ठरवलं. बाप श्वास घेतो, त्याच्या आधी क्षणभर शांतता होती. त्या शांततेत पाणी होतं. काठाला हलकंच लागणारं. मांडवात रानाचा देखावा करतात, परातीत कमळं ठेवतात, त्यातलं असेल. तिनं पुन्हा लावलं. निळं. पुन्हा लावलं. आता पाण्याखाली आणखी काहीतरी होतं. कुणीतरी श्वास कोंडून धरला होता. श्वास कोंडलेला ऐकू येत नाही, हे लमायला ठाऊक होतं. तरी तो ऐकू येत होता, नाकपुड्या दाबून पानाखाली बसलेल्या पोराचा, आता सुटेल मग सुटेल असा.

तिनं हेडफोन ओढून काढले. कानावरची गादी ओली होती. घाम असणार. बाहेर केवढं ऊन होतं. पण गादीला शेवाळाचा वास येत होता, आणि हात दोनदा धुतले तरी तो बोटांवरून जाईना.

तिनं आजीला फोन करून सांगितलं, "याय, माझ्यानं हे होत नाही."

 मग आजी म्हणाली, "तरी शनिवारी तू ये. तो पडला तर पडला. पण मी एकटी नको त्याच्यासमोर."

नोंग खेनच्या विहारात शनिवारी उजाडताच ढोल वाजला. मांडवाच्या खांबांना केळी, ऊस बांधलेले, कडेनं वेस्संतराच्या कथेची चित्रं काढलेलं लांबच लांब कापड. व्यासपीठापुढं मातीच्या मोठ्या परातीत पाणी आणि त्यात गावच्या तळ्यातली कमळं, पानांसकट. मागच्या बाजूला बाया शेवयांवर मासळीचा रस्सा वाढत होत्या. लुआंग फो, विहाराचे प्रमुख, गोल पोटाचे, सदा हसतमुख, लमायला बघून म्हणाले, "चालेल ना गं आज? नाहीतर मलाच गावं लागेल, आणि माझा गळा ऐकला तर जूजक पोरं न घेताच पळेल."

लमायनं हात जोडून खरं ते सांगितलं. सोनं, शून्य, तिचं स्वतःचं यंत्र. पाण्याचंही सांगितलं, फक्त खाली मान घालून.

लुआंग फोंचं हसू गेलं नाही, पण डोळ्यांतून उतरलं. ते म्हणाले, "मीही लावून पाहिला होता. तिथंच थांबला. बघ लमाय, प्रानोम उठून गेली तरी आमच्यासाठी कथा पुढं जायची. मद्दी परतायची, पोरं सोडवली जायची, शेवटच्या अध्यायात सगळी राजवाड्यात भेटायची. आम्ही सुखानं घरी जायचो. हिची कथा कुठं जायची? हिची पोर अजून पाण्यातच आहे. केवढी वर्षं झाली. यंत्र काय, दगडही गुदमरेल."

दुपार कलायला लागली तेव्हा लेकरांच्या अध्यायाची पाळी आली. लमायनं लॅपटॉप व्यासपीठावर रिकाम्या आसनापुढं ठेवला, कर्ण्याची तार जोडली आणि बाजूला बसली. प्रानोम आजी पुढच्या रांगेत, कमळांच्या परातीला टेकून. तिनं मांडीवर तोच चौकड्यांचा पंचा पसरला होता, धुतलेला, कडकडीत वाळलेला. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

आवाज उठला आणि मांडवानं मान खाली घातली. मेलेला माणूस गात होता, आणि किती जिवंत गात होता! जूजकाचा खोकला आला तशी माणसं हसली. पोरं पळाली तसं हसू विरलं. मुलीनं भावाचा हात धरला, उलट्या पावलांनी पाण्यात उतरली, म्हणजे माग काढणाऱ्याला पावलं बाहेर आल्यासारखी दिसावीत. पान ओढून डोक्यावर घेतलं.

बापानं श्वास घेतला.

पडदा निळा झाला. कर्ण्यातून काहीच आलं नाही, साधी खरखरही नाही. पंखे फिरत होते, पण वारा लागेनासा झाला. परातीतलं एक कमळाचं पान आपलं आपण हललं, खालून कुणी डोकं टेकवल्यासारखं.

मागं सोमचित म्हणून एक शेजारीण होती, तिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. ती म्हणाली, "प्रानोम, तुझी पाणी प्यायला जायची वेळ झाली!" दोघं-तिघं हसले आणि त्यांचं हसू त्यांनाच सोसलं नाही.

आजीचा एक हात खरंच जमिनीला टेकला होता. गुडघा उचलला होता. एवढ्या वर्षांची सवय अंगाला धरून उठवत होती. लमायनं तिच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. शून्य. तिच्या तोंडून निघून गेलं, "याय, बसा. तिला दम धरवत नाही आता."

आजी बसली. परातीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून वाकली, आणि बोलली ती त्या पानाशी. आवाज मोठा नव्हता. पण मांडवात शेवटच्या माणसापर्यंत गेला.

"तिप. ए तिप! त्यांच्या हाकेला येऊ नको. माझ्या हाकेला ये. मी रानातनं आले गं. उशीर झाला मला, पण आले. ये वर."

कर्ण्यातून पाणी फुटल्याचा आवाज आला. मग टपटप थेंब. मग एक श्वास, लांबलचक, हावरा, छाती फाटेपर्यंत कोंडलेला श्वास सुटतो तसा. मांडवातली चिल्लीपिल्ली आयांना बिलगली. लमायनं पाहिलं तर पडद्यावरच्या शून्याचा एक झाला होता.

आणि लुआंग ता पुढं गाऊ लागले.

निळ्या पडद्याचं यंत्र गात नाही. ते मेलेलं असतं. लमायला हे पोथीसारखं पाठ होतं. तिनं तार चाचपली, ती यंत्रातच होती. पंख्यावर हात धरला, तो थंडगार होता. तिनं वर पाहिलं. लुआंग फोंनीही पडदा पाहिला होता.  त्यांनी आपला ताडपत्राचा पंखा उचलला आणि लोकांना दिसू नये असा तो निळ्या उजेडापुढं धरला, मूर्तीपुढं पडदा धरतात तसा, आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

बापानं लेकरं दिली. जूजकानं त्यांचे हात वेलीनं बांधले. आजी रडली, पण उठली नाही. मद्दी संध्याकाळी परतली, दारात कुणी नव्हतं. तिनं रान पालथं घातलं, त्या अध्यायालाही आजी उठली नाही. तो अध्याय मात्र तरुण भिक्खूनं गायला. त्याआधी, लुआंग तांचा अध्याय संपल्याचा घंटानाद झाला तेव्हाच पंख्याआड आकडा शंभर झाला होता, आणि यंत्र आपलं आपण उठलं. रोजच्यासारखं. लमायनं हळूच ती फाइल पुन्हा चालवून पाहिली. हेडफोनवर. हाक आली, थोडी शांतता, मग पुढचं गाणं. एका दमात शेवटपर्यंत. शांततेत काही नव्हतं. श्वास नव्हता.

तेराव्या अध्यायात पोरं आजोबांच्या राजवाड्यात भेटली. आईबाप आले, सगळ्यांनी एकमेकांना मिठी मारली, आभाळातून लाल पाऊस पडला. ज्याला भिजायचं तो भिजला, ज्याला नाही तो कोरडा राहिला, असं कथेत आहे. मांडवात लोकांनी पानफुलं उधळली. ऊन अजून होतं.

लमाय तारा गुंडाळून निघाली, तर आजी विहाराच्या मागच्या अंगणात दोरीपाशी उभी. चौकड्यांचा पंचा दोन्ही हातांनी पिळत होती. पाणी धारेनं पडत होतं, खाली माती काळी झाली होती, आणि त्यात शेवाळाची एक बारीक हिरवी काडी.

"याय, परातीत पडला का?" लमायनं विचारलं. विचारायलाच हवं म्हणून विचारलं.

आजी तिच्याकडं वळली. तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती. घरातलं माणूस जेवून निजलं की बाईच्या तोंडावर येतं तसं काहीतरी होतं.

"डोकं पुसलं गं," ती म्हणाली. "ओल्या डोक्यानं झोपली असती तर सर्दी धरली असती."

तिनं पंचा झटकला, दोरीवर सरळ पसरला, टोकं ओढून नीट केली. मग कमरेच्या चंचीतून सोन्याच्या वर्खाची पुडी काढली आणि लमायच्या हातातल्या लॅपटॉपकडं बघितलं.

"याय, नको! पुन्हा आत जाईल."

"आता कुठं लावू मग? दुखत तर नाही ना त्याला कुठं?"

"नाही," लमाय म्हणाली. "आता नाही दुखत."

आजीनं पुडी पुन्हा कमरेला खोचली. दोघी दोरीखाली उभ्या राहिल्या. पंच्याची टोकं टपटपत होती, मग एकेक थेंब पडू लागला, मग थांबला.